पाच मीटर चौदा सेंटिमीटर

"टोक धर, तुळशीराम," करांडे सर म्हणाले.

मी वाकून टेपचं टोक खुंटीला लावून धरलं. सोमवारची सकाळ होती, सात वाजले असतील. मैदानावर आम्ही दोघंच. स्पर्धा शनिवारी संपल्या होत्या. मंडपवाल्यानं रविवारी निम्मा मंडप उतरवला होता आणि उरलेलं कापड दवानं भिजून खाली लोंबत होतं. ट्रॅकवरच्या चुन्याच्या फक्कीच्या रेघा मात्र अजून शाबूत होत्या.

ती टेप आमच्या जिमखान्याची नव्हती. सर पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसिअरच्या घरी जाऊन, त्यांना उठवून ती मागून घेऊन आले होते. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण दुसऱ्याची टेप बघितल्याबरोबर मला आमची टेप आठवली.

सर टेप उलगडत गेले. पन्नासला खुंटी ठोकली. तिथून पुढं परत मोजलं आणि वळण सुरू होतं त्या रेघेशी उकिडवे बसले.

"एकोणतीस," ते लांबून म्हणाले. "म्हणजे सगळं मिळून एकोणऐंशी."

ते ऐंशी असायला हवं होतं.

आम्ही पलीकडचा सरळ पट्टा मोजला. तोही एकोणऐंशी. मग दोन्ही वळणांच्या केंद्रावरच्या खुंट्यांपासून रेघेपर्यंतचं अंतर घेतलं. ते दोन्हीकडं अर्धा मीटर कमी भरलं. सर मैदान दाबायच्या रुळावर बसले, खिशातून निकालाचा कागद काढून त्याच्या पाठीमागं आकडेमोड करत राहिले. मी उभाच होतो.

"पाच मीटर चौदा सेंटिमीटर," ते म्हणाले. "एका फेरीला. आपला ट्रॅक तेवढा आखूड आहे."

करांडे सर आमच्या कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक. गावात त्यांना 'खेळाचे सर' म्हणत. माण नदीच्या काठावरचं आमचं तालुक्याचं गाव, कॉलेज लहान, आणि सर आले तेव्हा मैदानाच्या जागी नुसता माळ होता. चौदा वर्षं ते रोज संध्याकाळी सराव संपल्यावर मुलांना अर्धा तास दगड वेचायला लावत आणि स्वतःही वेचत. त्यांच्या वेळेला मैदानावर उशिरा येणाऱ्याला शिक्षा नसे. जेवढे उशिरा आले तेवढ्या फेऱ्या सर स्वतः मारत, आणि उशिरा आलेल्यांनी ते बघत उभं राहायचं. दोन आठवड्यांत पोरं वेळेवर यायला लागत. कौतुक मात्र त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. कोणी जिंकून आलं तर "वेळ किती?" एवढंच विचारत. घरचं, दारचं कोणाला काही विचारत नसत. माणूस कोरडा होता, हे खरं आहे.

मी त्यांच्या हाताखाली जिमखान्यात शिपाई होतो. हंगामी. सात वर्षं हंगामीच. त्या जूनमध्ये मला कायम करायचा प्रस्ताव सरांनी पाठवला होता.

विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धा आमच्या गावात पहिल्यांदाच झाल्या त्या त्याच डिसेंबरात. मोठ्या शहरांतली कॉलेजं सोडून विद्यापीठानं आम्हाला यजमानपद दिलं, ते सरांच्या नावावर. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाची जागा मार्चमध्ये रिकामी होणार होती आणि तिथं करांडेच जाणार, असं बाहेरून आलेले सर उघड बोलत होते.

आणि आमच्या मालन मेटकरीनं आठशे मीटरचा विक्रम मोडला. मेंढपाळाची पोरगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. जुना विक्रम दोन मिनिटं, पंधरा पूर्णांक आठ सेकंदांचा. मालन दोन चौदा दोनमध्ये आली. मंडपातली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. संस्थेचे चेअरमन नानासाहेब तिथंच माइकवर गेले आणि म्हणाले, "ह्या लेकीनं शिक्षण पुरं केलं की संस्थेच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून तिची जागा पक्की. हा माझा शब्द." मालनचा बाप खांद्यावर घोंगडं घेऊन मागं उभा होता. त्याला दोन वेळा सांगावं लागलं, मग त्याला समजलं.

आता त्या सोमवारी सर रुळावर बसून तोच निकालाचा कागद बघत होते.

"काल रात्रभर मी हे वाचतोय," ते म्हणाले. "आठशेला मालन पहिली आली. ठीक आहे. पण शेवटची आलेली पोरगी बघ. ही गेल्या महिन्यात दोन चाळीसला पळाली होती. इथं दोन अडतीस. सातवीही पुढं. सहावीही. मुलांच्या चारशेत तेच. उड्यांत आणि फेकीत कोणी पुढं गेलं नाही. पळणारे तेवढे सगळेच कसे सुधारले?"

मी वाकून टेपच्या टोकाची माती पुसायला लागलो.

"आपली टेप आण."

मी जिमखान्यातून टेप आणली. सरांनी ती शून्यापासून बोटांमधून ओढायला सुरुवात केली. पाच, दहा, पंधरा. सतराच्या पुढं त्यांचं बोट थांबलं. तिथं दोन रिबिटी होत्या. रिबिटींच्या अलीकडं सतरा मीटर साठ होतं, पलीकडं अठरा मीटर दहा. मधला अर्धा मीटर नव्हताच. सरळ पट्टा मोजताना टेप दोनदा लागते, वळणाला एकदा.

"हे कधी झालं?" सरांनी विचारलं.

ते सप्टेंबरात झालं होतं. व्हॉलीबॉलचं मैदान आखताना मी टेप पसरून ठेवली आणि पाणी प्यायला गेलो. मुरूम घेऊन आलेला ट्रॅक्टर तिच्यावरून गेला. टेप चुरगळून तुटली. मी ती सायकलच्या दुकानात नेली. दुकानदारानं चेंबलेला तुकडा कापून टाकला आणि दोन्ही टोकं एकावर एक ठेवून रिबिट मारून दिली. वीतभर-हातभर गेलं तर काय बिघडतं, असं मला वाटलं. त्याच्या आदल्या वर्षी उंच उडीची दांडी मोडली म्हणून एका हंगामी शिपायाला घरी पाठवलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. पुढं ट्रॅक आखताना शून्याचं टोक सरांच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. रिबिटी मध्ये कुठंतरी गवतात होत्या. त्या वेळी मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

"मला ठाऊक नाही, सर," मी म्हणालो.

सरांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग टेप गुंडाळायला लागले.

"चल, चेअरमनकडं जाऊ," ते म्हणाले.

नानासाहेब संस्थेच्या कार्यालयात होते. प्राचार्यही तिथंच होते. सरांनी टेबलावर दोन्ही टेपा ठेवल्या आणि सगळं चार वाक्यांत सांगितलं. मी दाराशी उभा होतो.

"म्हणजे पहिला नंबर जातोय का पोरीचा?" नानासाहेबांनी विचारलं.

"नाही. सगळ्याजणी सारख्याच कमी पळाल्या. नंबर राहील. विक्रम राहणार नाही."

"मी काल गावात पेढे वाटलेत, करांडे. पेपरला बातमी गेली."

"माहीत आहे."

प्राचार्य हिशेब करत होते. ते म्हणाले, "दोन फेऱ्यांचे दहा मीटर. त्याला तिला पावणेदोन सेकंद लागले असते. म्हणजे दोन पंधरा नऊ. अहो सर, विक्रम पंधरा आठचा. एका दशांशाचा तर प्रश्न आहे!"

"दशांशाचा नाही, दहा मीटरचा आहे," सर म्हणाले. "विद्यापीठाला कळवतो आणि तिची परत चाचणी घ्या म्हणतो."

"विद्यापीठानं विचारलंय का?" नानासाहेब म्हणाले.

"नाही."

"मग?"

नानासाहेब खुर्चीत मागं टेकले. त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"टेप कोणाच्या ताब्यात असते? ह्याच्याच ना? कळवायचंच असेल तर शिपायाच्या हयगयीनं झालं असं लिहा, त्याला आजच्या आज कमी करा. कॉलेजचं नाव तरी राहील. आणि मार्चचा विचार करा जरा. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

आत्ता सर म्हणतील, हो. मला तसं पक्कं वाटलं.

"शून्याचं टोक माझ्या हातात होतं," सर म्हणाले. "आखणी मी केली. पत्रात तसंच लिहीन."

त्यांनी तसंच लिहिलं. त्याच दुपारच्या टपालानं पत्र गेलं.

मालनला ते संध्याकाळी मैदानावर भेटले. ती बूट बांधत होती. मी थोड्या अंतरावर फक्कीचं घमेलं घेऊन उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. सरांनी तिला बसवलं नाही, समजूत घातली नाही. नुसतं सांगितलं.

"म्हंजी मी हळू पळाले?" तिनं विचारलं.

"नाही. तू कमी पळालीस."

ती वळून ट्रॅककडं बघत राहिली, जणू कुठं कमी आहे ते दिसेल.

"कुणी केलं हे?"

"मी," सर म्हणाले.

घमेलं माझ्या हातात जड झालं होतं. ते खाली ठेवायचं, दहा पावलं चालायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच होतं. मी घमेलं उचलून जिमखान्याच्या खोलीत गेलो.

विद्यापीठानं महिन्याभरानं चाचणी ठरवली. त्यांनीच तीन वेळाधिकारी पाठवले आणि दुसऱ्या दोन कॉलेजच्या दोन मुली तिच्याबरोबर पळायला आणल्या. सरांनी ट्रॅक नव्या टेपनं परत आखला आणि तीनदा मोजून घेतला, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाकडून. मला त्यांनी टेपला हात लावू दिला नाही. रागानं नाही. "तू फक्की टाक," एवढंच म्हणाले.

थंडी होती. नानासाहेब आले नाहीत. मालनचा बाप आला होता, त्याच जागी उभा होता.

मालन पहिली फेरी फार जोरात पळाली. सर वळणावर उभे होते, "आवर, आवर," म्हणून ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. शेवटच्या शंभरात तिचे खांदे वर यायला लागले. बाकीच्या दोघी कुठल्या कुठं मागं होत्या, ती एकटीच रेघ ओलांडून गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

तिन्ही घड्याळं एकत्र आली. माणसं हळू बोलत होती. मग सर तिच्याकडं गेले.

"दोन सोळा एक."

"किती राहिलं?"

"तीन दशांश."

ती खाली बसली, बूट सोडले, मोजे बुटात घातले. मग अनवाणी उभी राहून सरांना म्हणाली, "तुम्ही आधी मोजायचं होतं, सर. माझं दोनदा हसं केलंत."

सर म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. पुढच्या वर्षी तिनं दाखला काढून दुसऱ्या गावच्या कॉलेजात नाव घातलं. शाळेतली जागा नानासाहेबांनी दुसऱ्या कोणाला दिली. तीन वर्षांनी मालन पोलिसांत भरती झाल्याचं कळलं. ती परत कधी पळाली की नाही, ते मला ठाऊक नाही.

मार्चमध्ये विद्यापीठाची मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला गेली. सर त्याबद्दल काही बोलले नाहीत. जूनमध्ये मी कायम झालो. माझ्या कागदावर सरांची सही होती आणि शेऱ्याच्या जागी त्यांच्या अक्षरात 'काम समाधानकारक' असं होतं.

त्यानंतर बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. रोज सकाळी सहाला भेटायचो. एकदाही विषय निघाला नाही. दोन वेळा मीच काढायचा ठरवलं होतं. एकदा त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, एकदा माझंच धाडस झालं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजात निरोपसमारंभ झाला. त्यांचे जुने खेळाडू कुठून कुठून आले होते. मालनला पत्र गेलं होतं, ती आली नाही. चहाच्या वेळी पट्टणशेट्टी म्हणून एक वयस्कर सर माझ्याजवळ उभे होते. मी पेले भरत होतो. ते शेजारच्याला सांगत होते, "त्या मुलाखतीला मी तज्ज्ञ म्हणून बसलो होतो. निवड करांडेंचीच होणार होती. एकानं विचारलं, चुकीचा ट्रॅक आखणारे ते तुम्हीच का? हे म्हणाले, होय. आम्ही वाट काढून दिली, म्हटलं, हाताखालच्या माणसाची चूक असेल. तर म्हणाले, टेप तपासणं माझं काम होतं, मी तपासली नाही. झालं. मग काय करणार आम्ही?"

माझ्या हातातल्या किटलीतला चहा पेल्याबाहेर सांडत होता, ते त्यांनीच दाखवलं.

आठ दिवसांनी मी सरांच्या घरी गेलो. ते पडवीत शेंगा फोडत बसले होते. सरांच्या पत्नींनी पाणी दिलं. त्या आत गेल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, सायकलचं दुकान, रिबिटी, आणि त्या सकाळचं माझं "मला ठाऊक नाही."

सर शेंगा फोडतच होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "सायकलवाल्याच्या रिबिटी ओळखू येतात."

"मग बोलला का नाही, सर?"

"कशाला? तू सप्टेंबरात टेप मोडलीस. त्यानंतर तीन महिने ती माझ्या हातात होती. मी एकदा जरी शेवटपर्यंत बघितली असती तर सापडलं असतं. ते माझं होतं, ते मी भरलं."

"तुमची विद्यापीठाची जागा गेली माझ्यामुळं."

"माझ्यामुळं," ते म्हणाले. आवाजात थोडा त्रास होता, अडाण्याला तेच तेच समजावताना होतो तसा. "पण तू खोटं बोललास, ते तुझं. ते मी कसं भरणार?"

मी खाली बघत बसलो. आतून कुकरची शिट्टी झाली.

"आणि मला येऊन काय सांगतोस?" सर म्हणाले. "पळाली ती होती."

मालन तेव्हा जिल्ह्याच्या गावी पोलीस ठाण्यात हवालदार होती. मी एसटीनं दुपारी तिथं पोचलो. ती टेबलाशी बसून कोणाची तरी तक्रार लिहून घेत होती. अंगानं भरली होती, केसांत एक पांढरी बट. मला बघून तिनं लेखणी थांबवली.

"तुळशीराममामा? तुम्ही इकडं कुठं?"

"तुझ्याकडंच आलोय. वेळ आहे का?"

तक्रारदार गेल्यावर मी तिला सांगितलं. सरांना सांगितलं होतं तेवढंच, त्याच क्रमानं. मुलाखतीचंही सांगितलं. ती टेबलावर दोन्ही हात ठेवून ऐकत होती, तक्रार ऐकतात तशी.

"तेव्हाच सांगितलं असतं तुम्ही, तर ट्रॅक लांब झाला असता का?" तिनं विचारलं.

"नाही."

"विक्रम झाला असता?"

"नाही."

"मग माझं काही गेलं नाही त्यात. दोन सोळा एक पळाले, ते मी पळाले. त्याच्यात कुणाचा हात नाही." ती थांबली. "पण मी सरांचं तोंड बघितलं नाही बारा वर्षं. निरोपसमारंभाचं पत्र आलं ते फाडलं. मला वाटायचं, त्यांना त्या मोठ्या जागेवर जायचं होतं, म्हणून आपली सचोटी दाखवायला माझा विक्रम घालवला. तसं मी कितीजणांना बोलून दाखवलं असेल, मामा."

मला तिच्या नोकरीची, विक्रमाचीच काळजी होती इतकी वर्षं. हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"ते काय म्हणाले, तुम्ही सांगितल्यावर?"

"म्हणाले, मला येऊन काय सांगतोस, पळाली ती होती."

ती हसली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, टेबलाच्या खणातून गाडीची किल्ली काढली आणि परत ठेवली.

"माझी ड्युटी सहाला संपते," ती म्हणाली. "तोवर बाहेर बाकावर बसा. जाऊ नका. सरांच्या घरी गेल्यावर मी बोलायच्या आधी तुम्ही बोलायचं, माझ्यादेखत."

"मी सांगितलंय त्यांना."

"मला सांगितलंय, त्यांना सांगितलंय. वेगवेगळं. आता दोघांसमोर सांगा."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. पावणेचार वाजले होते. शेवटची एसटी पाच वाजता होती. ती ठाण्यासमोरून गेली तेव्हा मी तिथंच बसलेलो होतो.